खिळा

फ्रिजच्या वर एक खिळा आहे. सरकारी नाही.
मांगोरच्या या क्वार्टरमध्ये आलो त्या आठवड्यात
बत्त्याच्या बुडाने मीच ठोकलेला, जरासा वाकडा.
त्याच्यावर सात घरं लटकतात.

बिंदूची किल्ली लाल लोकरीत ओवलेली.
नागमणीची उलटी घातली तरच फिरते.
जसप्रीतच्या किल्लीच्या प्लास्टिकवर
तिच्या धाकट्याचे पहिले दोन दात.

असं कुणी ठरवलं नव्हतं.
जहाज गेलं की पुरुष गेले,
बायकांना शाळा, दवाखाना, बँक,
आणि मी पोळ्यांचे डबे करत घरीच. एवढंच.
मग कुणाचा गॅस चालू राहिला,
कुणाच्या चादरी गच्चीवर
आणि बंदरावरून कोळशाची भुकटी घेऊन वारा निघाला,
की मी पिठाच्या हातांनी पळायची.
चार वर्षांत एक समजलं,
बंद घराला ज्याचा त्याचा वास असतो.

एकदा अकरा दिवस बातमी नव्हती.
तेव्हा सगळ्या माझ्याच हॉलमध्ये झोपत,
आठ बायका, सहा पोरं, एक टेबलफॅन.
त्याबद्दल कुणी बोललं नाही.
मी त्यांना मेंढीकोट शिकवला,
हुकूम म्हणजे काय हे तोडक्यामोडक्या हिंदीत,
आणि नागमणी इतकी लबाडी करायची
की हसून हसून पोट दुखायचं रात्री दोनला.

मागच्या महिन्यात दुसराच हुकूम आला.
पोर्ट ब्लेअर.

हे लोखंडी पेटीवरचं नाव खरवडत बसलेत.
'वास्को'खालून 'विशाखापट्टणम' निघालं,
त्याच्याखालून 'जामनगर'चा अर्धा 'ज'.
'पुरे करा,' मी म्हटलं, 'पत्रा लागेल आता.'

डोंगराखालची शिंपीण आनास्तासिया
टेप गळ्यात घालून चढून वर आली.
'कितें गो, सगळें बांदलें?'
तिने रेवतीला खुर्चीवर उभं केलं,
माप घेतलं, मग दोन इंच वाढवून लिहिलं.
'तिथे कोण शिवणार हिचं?'
पैसे काढले तर टेपने माझ्या हातावर मारलं.

काल तपासनीस आला. दोन पंखे, पाच होल्डर,
नळ मोजले, खिडकीच्या काचा मोजल्या.
खिळ्यापाशी थांबला.
'हा काढा. भोक बुजवा. नाहीतर कापून घेतील.'

किल्ल्या सस्मिताला दिल्या.
ओडिशातून येऊन तिला एकोणीस दिवस झालेत,
खिडक्यांना अजून पडद्यांऐवजी वर्तमानपत्र.
'मला तर अजून नावंही येत नाहीत, दीदी.'
मी दिवा घालवला.
'बोटांनी बघ. लोकर कोणाची? दात कोणाचे?'
तिसऱ्या वेळी तिला सातही आल्या.
नागमणीच्या वेळी ती अंधारातच हसली.

आज घरात काही नाही, म्हणून जेवण बिंदूकडे,
झोपणंही तिच्याच फरशीवर.
ह्यांनी दाराला कुलूप लावलं
आणि किल्ली हातात घेऊन उगीच उभे राहिले,
भिंतीकडे बघत.
चार वर्षांत आमची किल्ली कधी कुणाकडे नव्हती.
मी घरीच असायची ना.

सकाळी नऊला ती ऑफिसात जमा होईल, सही होईल.
तोवर मी ती सस्मिताच्या नव्या खिळ्यावर टांगून आले,
बाकी सातांच्या मागे.
तिचा खिळाही वाकडाच गेलाय.

आणि माझं भोक टूथपेस्टने बुजवलं.
कळत नाही मुळीच.
फक्त फ्रिजच्या जागेवर उभं राहिलं
तर पुदिन्याचा वास येतो.