उणे अठरा

रात्रपाळीत मी थंडी मोजते.
द्रोणागिरीच्या यार्डात दोनशे बारा डबे,
प्रत्येकाच्या पाठीला एक केबल, एक आकडा.
द्राक्षं शून्यावर. कोळंबी उणे अठरा.
आकडा ढळला की पळायचं.

त्या रात्री कँटीनच्या टीव्हीवर
दूरच्या एका देशाची संसद हात वर करत होती.
आवाज बंद. कडूसाहेब चहात खारी बुडवत होते.
शंभर वर्षं ज्यांनी कुणावर गोळी झाडली नाही
ते मोजत होते, किती हात वर, किती खाली.

तो देश मला ठाऊक एका माणसामुळे.
योनास, त्यांच्या बोटीवरचा इलेक्ट्रिशियन,
वर्षातून दोनदा आमच्या प्लगांना नावं ठेवायचा
आणि उरणच्या बाजारातून सोडे न्यायचा, अर्धा किलो,
वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत.
आमच्या तोफा बागेत आहेत, म्हणाला होता,
पोरं वर बसून आइस्क्रीम खातात.

शाळेत घरतबाईंनी शब्द फोडून दिला होता :
तट अधिक स्थ. काठावर उभा राहणारा.
मागून दिगंबर म्हणाला, बाई, भरती आली तर?
बाईंनी त्याला बाकावर उभं केलं.
तास संपेपर्यंत तो तसाच,
सगळ्यांच्या वर, कुणाच्याच बाजूला नाही.

आमच्याकडे तट कधी जागेवर राहिलाच नाही.
आजोबांचं मिठागर होतं
तिथंच आता मी केबल लावते.
भराव आला, शिक्के आले, समुद्र मागे सरकला,
मावशीची होडी अंगणातच राहिली.
तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.
काठ कुठं असावा, हे काठावरच्या माणसाला
कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

पावणेतीनला हात मोजून झाले.
काही फुटलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही.
यार्डाच्या कॉम्प्युटरवर त्या देशापुढचा हिरवा ठिपका
पिवळा झाला.
कडूसाहेब म्हणाले, एकेचाळीस डबे थांबव.
थांबव म्हणजे? वीज काढू?
नको. विमा गेला, बिल कोण भरेल माहीत नाही,
पण वीज राहू दे. सकाळी बघू.
मग बराच वेळ ते नुसताच चमचा ढवळत राहिले,
कपात चहा नव्हता.

सुजय, माझा धाकटा, त्याच झेंड्याखाली
दुसऱ्या एका बोटीवर कांदे चिरतो.
त्याला लिहिलं : जेवलास का?
एकच टिक. राखाडी.

मी मोजत राहिले. उणे अठरा. उणे अठरा.
करंजाच्या बायकांनी सोललेली कोळंबी,
चार दिवस नखांचा वास जात नाही,
ती काल रात्री जेवण होती.
आता ती रसद आहे म्हणे.
आकडा तोच.

साडेपाचला स्कूटर घराकडे न वळता मोऱ्याला गेली.
लढाई पेटल्यापासून त्यांची बोट रात्रभर उजळून उभी असायची,
अंगावर देशाचं नाव, पुरुषभर उंच अक्षरं,
अक्षरांवर दिवे,
आभाळातून कुणी पाहिलं तर वाचता यावं,
आम्ही त्यातले नाही.
घारापुरीच्या अंगाला लग्नाचा मांडव घातल्यासारखं दिसे.

आज घारापुरी होती, आणि अलीकडे
बोटीएवढा काळोख.
ओहोटी. चिखलात दोन बगळे.
जेट्टीवरचा तिकीटवाला म्हणाला, फ्यूज उडाला असेल.
मी इलेक्ट्रिशियन आहे. काही बोलले नाही.

जरा फटफटलं तेव्हा दिसलं,
दोराच्या फळीवर एक माणूस, हातात रोलर.
पहिली दोन अक्षरं गेली होती.
तिसऱ्यापाशी तो थांबला होता,
की रंग संपला होता,
एवढ्या लांबून कळत नव्हतं.