छाट

आई मालिका बघत नाही, ऐकते.
डोळे पानावर असतात तिचे.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
कात्री पत्र्याच्या फर्म्याभोवती फिरते
आणि टीव्ही तिच्या उजव्या खांद्यामागे
रात्री दहापर्यंत बोलत राहतो.
कुंभारीच्या या खोलीत मी सातवीपासून
तिचे डोळे म्हणून बसले.

“कोण आलं?”
“सून.”
“रडालीय?”
“नाही. तोंडं दाखवालेत सगळ्यांची, तीन-तीनदा.”
“ते कळलं मला, ढोल वाजला तेव्हाच.”

कारखान्यात गड्डम चेकर
जुडी उचलतो, अंगठ्यानं दाबतो,
पोकळ लागली की बाजूला टाकतो: छाट.
त्या विडीचे पैसे नाहीत.
आई गोष्टीचं तस्संच करते.
विष घातलेलं दूध
सहा भाग टेबलावर राहिलं.
“नासलं कसं नाही?” तिनं विचारलं.
“आणि त्या बंगल्यात पाणी कुठल्या वारी येतं?
एकदा तरी कुणी घागर भरून ठेवावी.”
छाट.

एकदाच थांबली.
मालिकेतला थोरला मुलगा मेला होता
आणि त्याची बायको वाळलेला सदरा हातात घेऊन बसली होती.
संवाद नाही, ढोल नाही.
टीव्ही गप्प झाला म्हणून आईनं मान वळवली.
बाईनं डब्यातून गुंडी शोधली, लावली,
दातानं दोरा तोडला,
सदरा कपाटात ठेवला, त्याच्याच जागी.
त्या दिवशी हजारात सात विड्या कमी भरल्या.

तीन आठवड्यांनी तो परत आला.
अपघात, शस्त्रक्रिया, दुसऱ्याच नटाचा चेहरा.
मला वाटलं आई हसेल. चिडली.
मेलेला उठला त्याचं तिला काही नव्हतं.
“गुंडी लावली होती की तिनं,” म्हणाली,
“आता त्या गुंडीचं काय?”

मग श्रीहरीनं विज्ञानाचं चॅनल धरलं.
कृष्णविवर आलं, तेही ढोल घेऊनच.
भारदस्त आवाज म्हणाला, आता घडणार आहे भयंकर काहीतरी.
जाहिरात. साबण, सिमेंट.
परत आला तर तेच वाक्य पहिल्यापासून.
“मघाशी सांगितलं की यानं,” आई म्हणाली,
“आम्ही काय उठून गेलो होतो?”

परवा मात्र नान्नजचा माळ लागला.
इथून तासाभरावरचा,
आणि आम्ही कुणी कधी न पाहिलेला.
माळढोक येईल म्हणून
एक माणूस नऊ दिवस लपणात बसलेला
आणि पडद्यावर नुसतं गवत.
वारा. गवत.
लांब कुठंतरी शेळीच्या गळ्यातली घंटा.
“येमैंदी? बंद पडला का?”
“चालू आहे.”
आईनं कात्री खाली ठेवली.

उन्हानं रापलेली एक बाई बोलायला आली,
आयुष्यभर त्या एका पक्ष्यामागे हिंडलेली.
विजेच्या तारा, कुत्री, नांगरलेलं रान,
बरंच काही सांगितलं तिनं, मग अडखळली.
“पाऊस सरल्यावर तो कुठं जातो
ते मला माहीत नाही.”
नजर खाली नेली नाही तिनं हे म्हणताना.

पक्षी शेवटपर्यंत आला नाही.
मातीत एक तीन बोटांचा ठसा, थोडा पुसलेला,
आणि त्यावरून नावं सरकायला लागली.
फसवलं बघ, मी म्हटलं.
“गप बस,” आई म्हणाली,
अजून पडद्याकडेच बघत.

सकाळी एकोणचाळीस जुड्या आणि वर चौदा विड्या.
गड्डमनं दोनदा मोजलं.
“अकरा कमी, अंबूबाई.”
“पक्षी बघत होते.”
“कुठला?”
“आला नाही.”
त्यानं वहीत अकरा लिहिले, कापले.

आज पुन्हा नवाची मालिका,
कुणाचं तरी लग्न मोडतंय.
“कोण आलं?” ती विचारत नाही.
पान ओलं करता करता, मध्येच,
“नान्नजला एसटी कितीला असते गं?”