तीनशे चार

नव्या हॉटेलाला वास असतो
रंगाचा, सिलिकॉनचा, न उष्टावलेल्या चमच्यांचा.
एकशे अठरा खोल्या, आणि एकाही गादीला
कुणाच्या पाठीची ओळख नाही.
हिमाराच्या खालच्या अंगाला, लष्कराच्या जुन्या बंकरशेजारी
(त्यात आम्ही टॉवेल ठेवतो)
बार्धोकशेठनी समुद्रापर्यंत संगमरवरी पायऱ्या उतरवल्या.
त्यावरून वर फक्त मांजरं यायची.

तिरानाच्या विमानतळावर फलक लावला, आठ मीटरचा.
नऊ ट्रॅव्हल एजंट बोलावले, फुकट, तीन रात्री.
त्यांनी कोळंबी खाल्ली, मावळतीचे फोटो काढले,
जाताना शाम्पूच्या बाटल्या नेल्या
आणि ऑक्टोबर सरला तरी एक ओळ पाठवली नाही.

व्योसा रोज रिकाम्या पलंगांच्या चादरी बदलायची.
कशाला गं, मी विचारायचो.
"वाट बघूनही चुण्या पडतात," ती म्हणायची.

मग आली ओडील वान हुले, अँटवर्पहून,
एकाहत्तर वर्षांची, पायात क्रेपच्या सोलचे बूट.
तिचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल,
आणि चाळीस घरं, जी तिला विचारल्याशिवाय
उंबरा ओलांडत नाहीत.
वाईन नको म्हणाली. स्वागताची फुलं दाराबाहेर ठेवली, शिंका येतात म्हणून.
नळ सोडून गरम पाण्याचे सेकंद मोजले,
कपाटात डोकं घालून वास घेतला,
पलंगाच्या दोन्ही कडांना निजून पाहिलं,
आणि हट्टाने मागून घेतली
आम्ही दाखवतच नाही ती मागची खोली.

सकाळी कॉफीवर म्हणाली,
"तीनशे चारच्या भिंतीत बर्फाचं यंत्र खोकतं. रात्रभर."
शेठचा चेहरा उतरला.
मी मनात भिंत फोडायचा खर्च मांडू लागलो.
ती वहीत लिहीत होती.
"ही श्रीयुत लामेन्सना. मे महिना, बारा रात्री.
त्यांचा डावा कान गेलाय.
आणि खिडकीतून लिंबाचं झाडच दिसतं, ते बरं.
बायको गेल्यापासून त्यांना समुद्र नको असतो."

दहा टक्के तिचे. कुणी कुरकुरलं नाही.
मार्चमध्ये त्या स्वयंपाकघरातून एकोणीस बुकिंगं आली,
मग त्यांच्या भावांची, दंतवैद्याची, दंतवैद्याच्या व्याह्यांची.
कर्णोपकर्णी म्हणतात ते हेच.
माळ्याला काढायचं पत्र शेठनी
टेबलाच्या खणातच राहू दिलं.

लामेन्स आले, एक लहान बॅग घेऊन.
पहिल्या रात्री मी मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर गेलो,
भिंतीला कान लावला.
यंत्र खोकत होतं.
आत एक माणूस उजवा कान उशीत खुपसून
शांत घोरत होता.

सकाळी विचारलं, झोप लागली ना?
त्यांनी मान कलती केली, हात कानामागे नेला:
"काय म्हणालात?"