बिजागरी

क्रागुयेवात्स. शेडमध्ये दिव्याखाली
पासष्टची इवलीशी फिचा.
इंजिन बसलं, स्वेतोझार, मान्य.
आठशेपन्नासचं, थोरल्या भावाचं.
तूरिनहून आलेला डायनॅमोही
चुलत असून सख्ख्यासारखा नांदला.

पण हे बहात्तरचं दार?
नको रेटूस.
सतरा वर्षं कारखान्यात मी दारंच बसवली.
हिची बिजागरी मागे,
त्याची पुढे.

तुझी आई उतरायची, आठवतंय?
दार वाऱ्यात उघडं, शिडासारखं,
आधी पाय, मग मिरच्यांची पिशवी,
मग तुझ्या बापाला शिव्या.

ठोकून-ठाकून बसवशीलही तू.
बसेल.

तू बोलत नाहीस. पाना खाली ठेवतोस.
कोपऱ्यातलं गंजकं दार मांडीवर घेतोस
आणि हात पुढे करतोस
काचकागदासाठी.
ऐंशी नंबरचा.