उतरत्या क्रमाने

जुलैत डनीडिनला हाडं गोठतात
आणि आमचा तो रविवार नेमका जुलैतच येतो.
लॅकलनच्या स्वयंपाकघरात, हीटरला पाठ लावून,
'स्पेअर बटन्स'चे चार अल्बम आणि तीन ईपी
पुन्हा एकदा रांगेत उभे करायचे.
बँड मोडून एकोणीस वर्षं झाली.
रांग मोडत नाही.

नियम नायरीने लिहिलेत,
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेत:
बरोबरी चालणार नाही.
न ऐकता नंबर देणाऱ्याने भांडी घासायची.
'तेव्हा मी प्रेमात होतो' हे कारण धरलं जाणार नाही.

रेवीचं म्हणणं, ईपी म्हणजे कच्चा लिंबू.
खेळू द्यावा, पण त्याच्यावर राज्य येऊ नये.
नायरी त्याच्याकडे अशी बघते
जशी पूर्वी माझ्याकडे बघायची.

पहिला अल्बम सगळ्यांचा पहिला.
त्यात सूर लागत नाहीत, त्याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो.
दुसऱ्यात लागले, ते आम्हाला खपलं नाही.
तिसऱ्यात ट्रम्पेट.
चौथा त्यांनी ऑकलंडला जाऊन केला,
आणि 'ऑकलंड' हा शब्द लॅकलन अजून असा उच्चारतो
जसं कुणाचं तरी लफडं सांगतोय.

तळाला नेहमीचं शेंडेफळ: 'टेलर्स चॉक'.
पाच गाणी, तीनशे प्रती,
प्रत्येक वेष्टनावर हाताने शिवलेलं एक खरं बटण.
माझ्या प्रतीवरचं आता नाही.
ते कुठे आहे मला ठाऊक आहे:
एका हिरव्या कोटावर, वरून तिसरं.

तर त्यातलं पाचवं गाणं.
गाण्यामागे सतत एक घरघर आहे.
रेवी म्हणतो लाटा, सेंट किल्डाच्या किनाऱ्यावरच्या.
लॅकलन म्हणतो पत्र्यावरचा पाऊस.
सहा वर्षं हा वाद चाललाय,
त्यात एकदा बशी फुटलीय.

"फ्रिज होता."

हे सिंकखालून आलं.
सिंक सकाळपासून तुंबलेलं,
प्लंबरबाई अर्ध्या तासापासून पाठीवर झोपून आत,
आम्हाला दिसत होते फक्त बूट.
मग पाना आला, मग हात, मग पिकलेले आखूड केस,
आणि वेष्टनावरच्या फोटोत झुलपांमागे लपलेले
ते डोळे,
जे आम्ही बावीस वर्षं ओळखत होतो
आणि दारात ओळखले नाहीत.

"माझ्या आईचा फ्रिज," मर्ना म्हणाली.
"बंद करा म्हटलं तर म्हणे, आत रविवारचं मटण आहे."

कुणी काही बोलेना.
शेवटी रेवीने विचारलं, अगदी शाळेतल्यासारखं उभं राहून,
तुम्ही कसे लावाल नंबर?
ती बोटांवर मोजू लागली. पाचावर थांबली.
"सात होते?"
मग म्हणाली, चौथा.
फक्त त्याचेच पैसे मिळाले.
बाहेर उभी आहे ना, ती व्हॅन त्याचीच.

रविवारचा दर धरून एकशे चाळीस डॉलर झाले.
लॅकलनने सही मागितली.
तिने पावतीवर केली.

ती गेल्यावर नळ सोडून पाहिला.
पाणी एक मोठा घोट घेऊन खाली गेलं.
चिठ्ठ्या नव्याने वाटल्या,
आणि कुणीही एक आकडासुद्धा इकडचा तिकडे केला नाही.
चौथा चौथाच राहिला.
लाटांचा प्रश्न कुणी काढला नाही.
मधेच कोपऱ्यातला फ्रिज सुरू झाला,
तेव्हा मात्र आम्ही चौघं, न ठरवता, गप्प बसलो
तो बंद होईपर्यंत.

सालाबादप्रमाणे 'टेलर्स चॉक'ला
एकट्या मी पहिला नंबर दिला होता.
लॅकलनने कारण विचारलं, नियमात आहे म्हणून.
मी म्हटलं, फ्रिज.

नायरी कोट चढवत होती.
बटणं लावायला तिने जरा वेळ घेतला.