केळघर

अकरा वर्षं आमच्या बाथरूमला आतून कडी नव्हती.
म्हणजे होती, लावायची नव्हती.

खालच्या मजल्यावरची तेजश्री, हळदीच्या आदल्या दिवशी,
गॅस गीझरखाली बसल्या जागी कलंडलेली सापडली.
दोन दिवस सिव्हिलमध्ये, मग शुद्धीवर.
लग्न झालं, पुढच्या तिथीला.
पण त्या संध्याकाळी मी आमच्या घरात नियम केला:
खिडकी उघडी, कडी नाही,
आणि आत असेपर्यंत गप्प बसायचं नाही.

"बोलू काय?" हे म्हणाले.
एसटी स्टँडवरचा कंट्रोलर. दिवसभर माइकवर ओरडून
घरी आला की आमटीत मीठ नाही
हेसुद्धा वाटी सरकवून सांगणारा माणूस.
म्हटलं, काहीही बोला. आवाज आला म्हणजे झालं.

मग गाड्या सुटायला लागल्या.
टक टक टक टक, भप्प,
अभ्रकाच्या खिडकीत निळी ज्योत उभी राहायची
आणि आतून:
सातारा, कोरेगाव, पुसेगाव, निढळ,
दहिवडी, गोंदवले, म्हसवड.
म्हसवडला डोक्यावरचा शेवटचा तांब्या.
निढळला थांबले तर समजायचं, साबण निसटला.
एखाद दिवशी महाबळेश्वर, मेढ्यावरून.
पाहुणे आले की लाजून नुसतंच कऱ्हाड, हायवेनं,
पाच मिनिटांत अंघोळ आटपायची.

मी ओट्याशी भाकरी थापता थापता
अकरा वर्षांत सगळा जिल्हा फिरले.
मला नवऱ्याचा आवाज इतका सलग
आधी कधी मिळाला नव्हता.

सेल संपायचे नेमके फेस डोळ्यात असताना.
"अहो, ब्रेकडाऊन!" अशी हाक यायची,
मी दाराच्या फटीतून दोन नवे सेल द्यायचे.
जानेवारीत यवतेश्वरावरचा वारा
त्या उघड्या खिडकीतून थेट पाठीवर,
पण खिडकी लावली नाही. एकदाच लावली.

गेल्या थंडीत. ताप होता त्यांना, मीच लावली.
कण्हेर, मेढा, केळघर.
केळघर.
पुढे घाट. म्हटलं, चढत असेल.
केळघर.
तिसऱ्यांदा शब्द नीट आला नाही
आणि मी पिठाच्या हातानंच दार ढकललं.

त्यावर बोलत नाही आम्ही.
दारावर पिठाचा पंजा दोन दिवस होता, मग मी पुसला.

रविवारी शौकत मुलाणी आला, पोराला घेऊन.
गीझर उतरवला, गॅसची नळी टोपण घालून बंद केली,
सिलिंडर परत स्वयंपाकघरात.
मीटरपासून जाड वायर ओढली,
अर्थिंग तपासलं, नाक मुरडलं, नवं केलं.
वेगळा एमसीबी, सोळा अँपिअरचा पॉइंट.
"काकी, स्वस्तातलं बसवायचं तर मला बोलवू नका."
पंधरा लिटरची पांढरी टाकी,
खाली डोळ्यात भरेल एवढा लाल ठिपका.
ठिपका गेला की पाणी तापलं.
टाइलवर जुन्याचा चौकोन राहिला,
भोवतीपेक्षा उजळ, चार स्क्रूंची भोकं.

जाताना बूट घालत म्हणाला,
"काका, आता बिनधास्त कडी लावा."

सोमवारी लावली.
अकरा वर्षांनी तो आवाज, गंजलेला, दोनदा अडकून.
मग नुसतं पाणी. बादलीत, मग अंगावर.
ना टकटक, ना भप्प.
आपण मागितलेलीच शांतता ही,
हप्त्यानं पैसे भरून आणलेली.
भाकरी फुगली, करपली, मी तव्याकडे पाहिलंच नाही.

दाराशी गेले.
"केळघर गेलं का?"
पाणी थांबलं.
"काय?"
"काही नाही.
टॉवेल बाहेरच राहिलाय."