नमुना

लाइपझिगच्या एका बँकेत माझे अकराशे बारा युरो
अजून तिथंच राहतात.
मी राजारामपुरीत परत येऊन चौदा महिने झाले.

खातं बंद करायला ॲप उघडावं लागतं,
ॲप उघडायला कोड,
आणि कोड जातो त्या नंबरवर
ज्याचं सिमकार्ड मी निघताना विमानतळावर टाकलं,
तेही पिवळ्या पेटीत, तिथल्या नियमाप्रमाणे.
नंबर बदलायचाय?
ॲपमध्ये जाऊन बदला.

मग फॉर्म.
रस्ता, घर क्रमांक, गाव.
मी लिहिलं: नववी गल्ली, पिठाच्या गिरणीमागं,
मगदूम पॅटर्न वर्क्सच्या वर.
पस्तीस अक्षरांत बसवा, म्हणाला.
मी गिरणी काढली.
मग पॅटर्न वर्क्स काढलं.
उरलं ते घर आमच्या पोस्टमनलाही सापडलं नसतं,
पण चौकट हिरवी झाली.

रात्री कंपनीचं काम.
काल चालत होतं ते आज चालेना,
आणि मी एक ओळसुद्धा बदललेली नाही.
कुणीतरी कुठंतरी एका पॅकेजचा
तीन पॉइंट चारचा तीन पॉइंट पाच केला
आणि दिवा मालवून झोपला.
आता ह्याला जुनं हवं, त्याला नवं,
एका छपराखाली नांदायला दोघंही तयार नाहीत,
आणि मी मधे, समजूत घालायला बोलावलेल्या
पाव्हण्यासारखा, तिसरा चहा पीत.
एरर म्हणते, अपेक्षित ते मिळालं नाही.
काय अपेक्षित होतं
ते सांगत नाही.

खालून रंध्याचा आवाज येत होता.
आप्पांना झोप नसते.
"काय कराललास रं एवढ्या रातीला?"
वाट बघालोय, म्हटलं.
"कुणाची?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं,
जाड कागद, खिडकीचं पाकीट.
आदरणीय श्री. नेमगोंडा,
आपली सही आमच्याकडील नमुन्याशी जुळत नाही.
नेमगोंडा माझे वडील.
आप्पांनी चष्मा पुसला, पाकीट उलटंसुलटं केलं.
"जर्मनीत मला कोण वळखतंय?"

मी समजावलं. मधलं नाव, आडनाव, सही.
त्यांनी सगळं सोडून एकच शब्द धरला: नमुना.
बेचाळीस वर्षं ते नमुनेच करतायत,
सागवानाचे, उद्यमनगरच्या फाउंड्र्यांसाठी,
पंपाचे, पुलीचे, कुणाच्या तरी गिअरबॉक्सचे.
दोन्ही सह्या त्यांनी टेबलावर शेजारी ठेवल्या,
खिशातली पट्टी लावली.
"नवी बारकी हाय. दोन सूत."
मग, जरा थांबून,
"धातू थंड झाला की आकसतोय. बिडाला शंभराला एक.
म्हणून नमुना मोठा ठेवायचा.
ह्ये तुला तिकडं कुणी सांगिटलं न्हाई?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

कोर्टाबाहेर नोटरी सुतार बसतात, पंख्याखाली,
कागदांवर वजन म्हणून पाना ठेवून.
अभिनंदन नेमगोंडा मगदूम हा
अभिनंदन नेमगोंडा मगदूमच आहे,
असं मला लिहून हवं होतं, इंग्रजीत.
"कोण म्हणतंय तुम्ही न्हाई म्हणून?"
बँक.
"अस्सं," म्हणाले, आणि शिक्क्यावर फुंकर मारली.
मी सही केली.
"लई ऐसपैस सही तुमची."
थंडीसाठी, म्हटलं.

घरी आलो तर बिल्ड पास झाली होती.
कशी, ते कळलं नाही. हात लावला नाही अजून.
खातं मात्र चालू आहे.
महिन्याला चार युरो नव्वद सेंट जातात,
ते सांभाळून ठेवल्याबद्दल.